अमेरिकेच्या यादवी युद्धातील गाणी : गुलामांचा आवाज कोणी जपला?

लढाया जिंकणाऱ्यांची नावे शाळेच्या पुस्तकांत छापली जातात. सेनापतींचे पुतळे चौकात उभे राहतात. परंतु ज्यांच्या पायातील बेड्या त्या लढाईने तुटल्या, त्या माणसांच्या मनात तेव्हा काय चालले होते, याची नोंद कोठे सापडते? ती सापडते त्यांच्या गाण्यांत. त्यांना लिहू-वाचू दिले नाही, जमीन दिली नाही, स्वतःच्या लेकराबाळांवरही हक्क ठेवला नाही. पण त्यांचा गळा मात्र कोणाला काढून घेता आला नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धातील अशाच गाण्यांविषयी आज आम्ही लिहीत आहोत. ही गाणी दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहेत. पुढे ती तबकड्यांवर आली, कॅसेटवर आली, सीडीवर आली आणि आज कोणाच्याही मोबाईलवर ऐकता येतात. पण ती कोणी लिहून घेतली, कोणी गायिली, कोणी विकली आणि त्यात खऱ्या मालकांचा आवाज किती उरला, हे समजून घेणे मनोरंजनापुरते नाही. तो आपल्याही घरातला प्रश्न आहे.

जोतीरावांची अर्पणपत्रिका

कोणी म्हणेल, अमेरिकेतील युद्धाशी आपला काय संबंध? संबंध आहे आणि तो जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो अर्पण केला अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखविला, म्हणून. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना गुलामगिरीतून सोडवावे, अशी इच्छा जोतीरावांनी तेथे व्यक्त केली. अमेरिकेतील युद्ध संपून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या एका माळ्याच्या मुलाने सातासमुद्रापलीकडील त्या घटनेचा अर्थ अचूक ओळखला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतील निग्रोंची स्थिती यांत मोठे साम्य आहे, असे त्यात त्यांनी म्हटले आणि संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. याच ड्यू बॉइस यांनी १९०३ साली लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण गुलामांच्या दुःखगीतांना दिले आहे. प्रकरणांच्या आरंभी त्यांनी या गीतांच्या स्वरलिपीचे तुकडे छापले. म्हणजे ज्यांना तुम्ही अडाण्यांची ओरड म्हणता, तो आमचा इतिहास आहे, हे त्यांनी जगाला ठणकावून सांगितले.

छावणीतील शेकोटीभोवती

१८६० च्या खानेसुमारीत अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली होती. कापूस, भात, तंबाखू, ऊस यांच्या मळ्यांवर ती राबत. त्यांची खरेदी-विक्री होई. लिलावाच्या चौथऱ्यावर आईला एक गिऱ्हाईक घेई आणि मुलाला दुसरे. गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेतील अकरा राज्ये फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले.

युद्ध सुरू होताच गुलाम मळे सोडून उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला पळू लागले. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यावर तीन गुलाम आले. तेथील सेनानी बेंजामिन बटलर याने त्यांना मालकाकडे परत पाठविण्यास नकार दिला. कारण काय दिले? तर हा शत्रूचा जप्त केलेला माल आहे! मुक्ती मिळाली, पण कागदोपत्री माणूस ‘माल’च राहिला. आम्ही कचेरीत कागद हाताळणारी माणसे; एका शब्दाने माणसाचे काय होते हे आम्हाला ठाऊक आहे. या किल्ल्यावर जमलेल्या लोकांच्या तोंडून एका धर्मोपदेशकाने एक गाणे ऐकले. इजिप्तच्या राजाला ‘माझ्या लोकांना सोड’ असे बजावणाऱ्या मोझेसचे ते गाणे. ‘गो डाऊन मोझेस’ या नावाने जगभर पोहोचलेले हे गीत १८६१ सालीच छापले गेले. राजा कोण आणि त्याच्या तावडीतले लोक कोण, हे गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नव्हते.

या गाण्यांचा मोठा साठा आपल्यापर्यंत पोहोचला तो दक्षिण कॅरोलायना राज्यातील पोर्ट रॉयलच्या छावणीतून. तेथे मुक्त झालेल्या गुलामांची एक पलटण उभी राहिली. तिचा गोरा कर्नल थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हा गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. रात्री सैनिक शेकोटीभोवती गात बसत. हा कर्नल अंधारात उभा राहून ऐके, कानावर पडलेले शब्द टिपून घेई आणि तंबूत जाऊन नीट लिहून काढी. १८६७ साली त्याने ही गाणी एका मासिकात छापली.

त्याने दिलेली एक हकिकत वाचण्यासारखी आहे. लवकरच आपण मुक्त होऊ, देव आपल्याला घरी बोलावील, अशा अर्थाचे एक भजन हे लोक गात असत. युद्धाच्या सुरुवातीला जॉर्जटाऊन गावात हे भजन गायिल्याबद्दल गुलामांना तुरुंगात टाकण्यात आले! भजन गायिले म्हणून तुरुंग कशाला? पलटणीतील एका ढोलकी वाजविणाऱ्या पोराने कर्नलला उलगडून सांगितले की, गाण्यातला ‘देव’ म्हणजे उत्तरेचे सैन्य, असे गोऱ्यांना वाटले. गोऱ्यांना ते बरोबरच कळले होते, असे आम्हाला वाटते.

याच छावणीतले दुसरे गाणे म्हणजे ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’. ऑक्शन ब्लॉक म्हणजे लिलावाचा चौथरा. हे गाणे युद्धातूनच जन्माला आले. दक्षिणेच्या सेनापतीने या बेटांवरील गुलामांना तटबंदी बांधण्याच्या वेठीला जुंपले, तेव्हा ते प्रथम गायिले गेले, अशी नोंद आहे. पकडले जाऊ नये म्हणून ते चोरून गायिले जाई. त्याची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक कडव्यात गुलामीची एक-एक वस्तू घ्यायची आणि ती आता नाही, असे म्हणायचे. मुकादमाचा चाबूक नाही. मापाने मिळणारा मक्याचा शिधा नाही. मोजून दिलेले मीठ नाही. आणि प्रत्येक वेळी आठवण काढायची ती गेलेल्या हजारोंची. या गाण्यात कोठे आरडाओरड नाही, शिवीगाळ नाही. एखाद्या बाईने घरातील जुने सामान एकेक करून उंबऱ्याबाहेर टाकावे तसे ते गाणे आहे.

१ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. त्या दिवशी या छावणीत सभा भरली. जाहीरनामा वाचून झाला. कर्नलच्या हाती पलटणीचा झेंडा देण्यात आला. तेवढ्यात, कोणीही सांगितलेले नसताना, गर्दीतून एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसाचा फाटका आवाज उठला. त्यात दोन बायांचे आवाज मिसळले. ते गात होते ‘माय कंट्री’ हे देशभक्तीचे गीत, जे आजवर गोऱ्यांचेच गीत होते. व्यासपीठावरील गोरे पाहुणेही सूर मिळवू लागले. हिगिन्सनने त्यांना हाताने थांबविले. आयुष्यात पहिल्यांदा ज्यांना देश मिळाला होता, त्यांनाच तो आवाज पुरा करू द्यावा, हे त्याला उमगले. आमच्या मते त्या युद्धातील मोठ्यातील मोठ्या लढाईइतकाच हा प्रसंग मोठा आहे.

या पलटणीबरोबर सुझी किंग टेलर नावाची तरुण मुलगी होती. ती जन्माने गुलाम. लहानपणी चोरून लिहायला-वाचायला शिकलेली. ती सैनिकांचे कपडे धुई, जखमींची शुश्रूषा करी आणि फावल्या वेळात सैनिकांना अक्षरे शिकवी. १९०२ साली तिने आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. आमच्या भगिनींनी हे नाव ध्यानात ठेवावे.

पगार सात, मरण सारखे

या युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या भूदलात लढले. मरण सर्वांना सारखे होते, पगार मात्र सारखा नव्हता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्या शिपायाला १० डॉलर, आणि त्यातून कपड्यांचे ३ डॉलर कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा अपमानाचा पगार घेण्यास साफ नकार दिला. बायका-मुले घरी उपाशी असतानाही हे सैनिक सुमारे दीड वर्ष बिनपगारी लढले. फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडातील ऑलस्टीच्या लढाईत ‘महिना सात डॉलर’ अशीच उपरोधाची आरोळी ठोकून ते रणात उतरले. अखेर जून १८६४ मध्ये कायदेमंडळाला समान पगाराचा निर्णय घ्यावा लागला. गिरणीत, नगरपालिकेत, रेल्वेत ज्यांनी हक्काच्या पगारासाठी संप केले, त्या आमच्या वाचकांना या आरोळीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

एका चालीचा प्रवास

यादवी युद्धातील सर्वांत गाजलेले गाणे जॉन ब्राऊनचे. हा गोरा माणूस गुलामांच्या मुक्तीसाठी शस्त्र घेऊन उठला. ऑक्टोबर १८५९ मध्ये त्याने हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला, पकडला गेला आणि २ डिसेंबर १८५९ रोजी फासावर चढला. १८६१ साली बोस्टनजवळील किल्ल्यातील सैनिकांनी एका जुन्या भजनाच्या चालीवर त्याचे गाणे रचले. देह मातीत कुजतो आहे, पण आत्मा चालतोच आहे, असा त्याचा भाव. गंमत अशी की त्या तुकडीत जॉन ब्राऊन नावाचाच एक सार्जंट होता. त्याची थट्टा करता करता गाणे वाढत गेले आणि साऱ्या सैन्याचे झाले.

ज्युलिया वॉर्ड हाऊ या कवयित्रीने वॉशिंग्टनजवळ हे गाणे ऐकले आणि त्याच चालीवर नवे शब्द लिहिले. ते ‘बॅटल हिम’ म्हणून फेब्रुवारी १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीय सैनिकांच्या आर्कान्सा पलटणीने त्याच चालीवर स्वतःचे गाणे केले. १९१५ साली राल्फ चॅप्लिन या कामगार कवीने याच चालीवर कामगार एकजुटीचे गीत बांधले, ते आजही संपाच्या सभांत गायिले जाते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी हत्येच्या आदल्या रात्री, ३ एप्रिल १९६८ रोजी, केलेल्या अखेरच्या भाषणाचा शेवट या बॅटल हिमच्या ओळीनेच केला.

लोकप्रिय चालीवर भीमगीत बांधले की काही शहाणे लोक नाक मुरडतात. उसनी चाल आहे म्हणतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, ज्या चालीने फासावर गेलेल्या माणसाला सैन्याबरोबर चालते केले, तीही उसनीच होती. चाल कोणाची यापेक्षा ती कोणाच्या कामी आली, हे महत्त्वाचे.

लाज वाटली म्हणून झाकलेली गाणी

युद्ध संपले. डिसेंबर १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. १८६७ साली विल्यम अ‍ॅलन, चार्ल्स वेअर आणि ल्यूसी मॅकिम गॅरिसन या तिघांनी गुलामांच्या १३६ गाण्यांचा पहिला संग्रह छापला. गळ्यातून निघणारी ती वळणे आणि एकमेकांत मिसळणारे ते आवाज कागदावरील स्वरलिपीत बसत नाहीत, हे त्यांनी प्रस्तावनेतच प्रांजळपणे सांगून टाकले.

पण खुद्द मुक्त झालेल्या लोकांना या गाण्यांविषयी काय वाटत होते? येथे एक विलक्षण गोष्ट आहे. नॅशव्हिल शहरात मुक्त गुलामांच्या मुलांसाठी १८६६ साली फिस्क नावाची शिक्षणसंस्था निघाली. काही वर्षांतच ती कर्जाने बुडायला आली. तेव्हा संस्थेच्या खजिनदाराने विद्यार्थ्यांचे एक गायनपथक तयार केले. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ तरुण-तरुणी दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेक जण जन्माने गुलाम होते. हे विद्यार्थी सुरुवातीला गोऱ्यांची प्रतिष्ठित गाणी गात. आईबापांची गाणी ते चारचौघांत गातच नसत. ती गाणी गुलामीशी, त्या काळ्याकुट्ट भूतकाळाशी जोडलेली होती. ती विसरायची गोष्ट होती, असे त्या पथकातील एला शेपर्ड हिने पुढे लिहून ठेवले आहे. आणि तीच गाणी आईबापांना पवित्रही होती. बाजारात मांडायची कशी?

हळूहळू त्यांनी ती गायिली, आणि सभागृहे स्तब्ध झाली. १८७३ साली, म्हणजे जोतीरावांची ‘गुलामगिरी’ निघाली त्याच वर्षी, हे पथक इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर गायिले. या दौऱ्यांतून सुमारे दीड लाख डॉलर जमले आणि त्यातून संस्थेची ‘ज्युबिली हॉल’ ही भव्य इमारत उभी राहिली. ज्या गाण्यांची लाज वाटत होती, त्यांनीच शाळा वाचविली! याच नावाने निघालेले फ्रेडरिक लाउडिन यांचे पथक जगभर फिरत फिरत भारतातही येऊन गेले.

आवाज तबकडीवर आला

एडिसनने फोनोग्राफ शोधला १८७७ साली, म्हणजे युद्ध संपल्यावर बारा वर्षांनी. तेव्हा युद्धाच्या शेकोटीभोवतीचा एकही सूर यंत्रात पकडला गेलेला नाही. आज आपण जे ऐकतो, ते सारे नंतरचे गायन आहे.

१९०९ साली फिस्कच्या चार पुरुष गायकांनी तबकड्या भरल्या. पुढे पॉल रॉब्सन यांनी आपल्या खर्जातल्या आवाजात ही गीते जगभर पोहोचविली. रॉब्सन यांचे वडील जन्माने गुलाम होते आणि मळ्यावरून पळून मुक्त झाले होते. त्यामुळे ‘लिलावाचा चौथरा आता नाही’ हे त्यांच्या तोंडी नाटकी वाटत नाही. १९६० साली ओडेटा या गायिकेने कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमात तेच गाणे गायिले आणि त्याची तबकडी निघाली. बॉब डिलन यांचे जगप्रसिद्ध ‘ब्लोइंग इन द विंड’ हे गाणे याच गुलामगीतावरून घेतले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १९६० नंतरच्या नागरी हक्कांच्या चळवळीत तुरुंगात आणि मोर्च्यात हीच जुनी गाणी नवे शब्द घेऊन उभी राहिली. त्या चळवळीतील बर्निस जॉन्सन रेगन यांनी १९७३ साली ‘स्वीट हनी इन द रॉक’ हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा गायनसंच काढला. त्यात मोठा वाद्यवृंद नसतो. गळे, टाळ्या आणि हातातले छोटे तालवाद्य एवढ्यावर त्या सभागृह हलवीत. रेगन २०२४ साली गेल्या.

आणखी एक काम सरकारी पातळीवर झाले. १९३६ ते १९३८ या काळात बेकारांना काम देणाऱ्या योजनेखाली लेखक गावोगाव पाठविले गेले आणि २,३०० हून अधिक माजी गुलामांच्या हकिकती लिहून घेतल्या गेल्या. काहींचे आवाजही मुद्रित झाले. त्यांतले काही जण गातातसुद्धा. १९४९ साली मुद्रित झालेल्या फाउंटन ह्यूज या वृद्धाचे बोलणे आजही ऐकता येते. पुन्हा गुलाम व्हायची वेळ आली तर बंदूक घेऊन सारे संपवून टाकीन, असे तो शांतपणे सांगतो. हे काम वीस वर्षे उशिरा झाले असते तर हाती काय लागले असते?

गोड सुरात काय दडते?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. यादवी युद्धाच्या गाण्यांचा अमेरिकेत मोठा बाजार आहे. युद्धाच्या शताब्दीच्या सुमारास, १९६० च्या आगेमागे, अशा तबकड्यांचा पूरच आला. एका लोकप्रिय गायकाने उत्तरेची गाणी एका तबकडीवर आणि दक्षिणेची दुसऱ्या तबकडीवर भरून दोन्ही विकल्या. दोघांनाही खूश ठेवायचे, मग गुलामाचा प्रश्न आपोआपच बाजूला पडतो.

‘डिक्सी’ या गाण्याचे उदाहरण घ्या. दक्षिणेच्या सैन्याचे हे लाडके गाणे. कापसाच्या देशात परत जावेसे वाटते, असा त्याचा सूर. ते १८५९ साली रंगमंचावर आले, तेही उत्तरेतील न्यूयॉर्कमध्ये! डॅन एमेट हा गोरा कलावंत अशा तमाशांत काम करी, जेथे गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसाचे सोंग आणीत आणि हशा पिकवीत. म्हणजे गुलामाला मळ्याची ओढ आहे, असे गोऱ्याने गुलामाच्या तोंडून म्हणवून घ्यायचे. चाल मोठी गोड आहे. म्हणूनच सावध राहायचे.

१९९० साली केन बर्न्स यांची यादवी युद्धावरील नऊ भागांची दूरचित्रवाणी मालिका आली आणि ती सुमारे ४ कोटी लोकांनी पाहिली. तिच्यातील ‘अशोकन फेअरवेल’ ही व्हायोलिनची करुण धून ऐकून लोकांनी डोळे पुसले. ती युद्धकाळातलीच असावी, असा अनेकांचा समज झाला. वास्तविक जे उंगर या वादकाने ती १९८२ साली रचली! धून सुंदर आहे, यात वाद नाही. पण जे जुने वाटते ते सारे जुने नसते, आणि डोळ्यात पाणी आले म्हणजे इतिहास कळला असेही नसते. मात्र त्याच मालिकेत बर्निस रेगन यांचाही आवाज आहे, हे नमूद केले पाहिजे. २०१३ साली निघालेल्या ‘डिव्हायडेड अँड युनायटेड’ या ३२ गाण्यांच्या संचातही दोन्ही बाजूंची गाणी आहेत. त्यात ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या कृष्णवर्णीय तरुणांच्या संचाने मुक्तिदिनाचे गाणे गायिले आहे.

या तरुणांची कामगिरी मोठी आहे. बँजो हे वाद्य आज गोऱ्या खेडुतांचे समजले जाते. मुळात ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे, भोपळ्याचे वाद्य. २००५ साली हे तरुण एकत्र आले आणि जो थॉम्पसन या वयोवृद्ध कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाच्या घरी जाऊन त्यांनी त्याच्याकडून जुनी गाणी, जुन्या धुना उचलल्या. त्यांच्या संचाला २०११ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. थॉम्पसन २०१२ साली वारले. त्या संचातील ऱ्हियानन गिडन्स हिने २०१७ साली ‘ज्युली’ नावाचे गाणे दिले. उत्तरेचे सैन्य जवळ येत आहे. मालकीण गुलाम बाईला म्हणते, जाऊ नकोस, ही पेटी लपव, तुझी आहे म्हणून सांग. बाई तिला विचारते, हा पैसा कशातून आला? माझी लेकरे विकून ना? हे गाणे नवे आहे, पण माजी गुलामांच्या नोंदलेल्या हकिकतीवरून उभे केले आहे. जुने म्हणून खोटे विकण्यापेक्षा, नवे आहे असे सांगून खरे गाणे केव्हाही चांगले.

आपल्या घरातील गाणी

एका रविवारी वंदनेनंतर आम्ही वसाहतीतील विहारात ओडेटाचे ते गाणे मोबाईलवर लावले. इंग्रजी कळणारे थोडेच होते. विडीच्या कारखान्यात जन्म गेलेल्या एक आजी म्हणाल्या, “कुणी मेलंय का रं तिचं?” अर्थ सांगितला. माणसांचा लिलाव होई, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जात्यावरची ओवी म्हटली. तिच्यात पाणवठा होता, दुरून ओंजळीत ओतलेले पाणी होते आणि शेवटी बाबासाहेबांचे नाव होते. त्यांची सून म्हणाली, “आत्याबाई, हे कधी म्हणला नाहीत!” आजी म्हणाल्या, “कुणी इचारलं?”

बंधू-भगिनींनो, फिस्कच्या मुलांची लाज आणि आपली लाज एकच आहे. १९५६ नंतर आपण जुने देव टाकले आणि ते टाकणे योग्यच होते. त्याबरोबर पाटीलकीच्या, वेठीच्या, महारकीच्या काळातील गाणीही आपण माळ्यावर टाकली. मुलांसमोर म्हणायला नको वाटतात. पण पुरावा जाळून टाकला तर खटला कशावर चालवायचा? त्या गाण्यांची पूजा करायची नाही. त्यांची साक्ष नोंदवायची आहे. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्याकडील खेड्यांतून सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. शाहीर भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, म्हणून तो इतिहास हाती आहे. पण प्रत्येक घरातील आजीपर्यंत संशोधक पोहोचणार नाही. तिथे आपणच पोहोचले पाहिजे.

यासाठी पैसा लागत नाही. मोबाईल प्रत्येक घरात आहे. पंखा आणि टीव्ही बंद करावा. गाणाऱ्याचे नाव, वय, माहेर-सासर आणि हे गाणे कोणाकडून ऐकले, ते आधी बोलून घ्यावे. शब्द गावाकडचे असतील तसेच राहू द्यावेत, ‘शुद्ध’ करू नयेत. मागे ढोलकी, कीबोर्ड घालू नये. गाणे थांबले तरी यंत्र लगेच बंद करू नये; खरी हकिकत गाणे संपल्यावरच सुरू होते. मग शब्द वहीत उतरवावेत आणि आवाजाची प्रत निदान दोन ठिकाणी ठेवावी: एक घरी, एक विहाराच्या वाचनालयात. आणि त्यांच्या परवानगीशिवाय ते गाणे पुढे पाठवू नये. ते त्यांचे आहे.

अमेरिकेतील गुलामांची गाणी एका कर्नलने अंधारात उभे राहून टिपली, ही त्या लोकांची नाइलाजाची गोष्ट होती; त्यांना लिहिण्याची बंदी होती. आपल्या हाती बाबासाहेबांनी लेखणी दिली आहे. आता परक्या माणसाने येऊन आपल्या आजीची ओवी टिपावी, याची वाट पाहण्याचे कारण नाही. या वर्षावासात प्रत्येक घराने एका वृद्धाचे एक तरी गाणे नोंदवावे, एवढीच आमची विनंती आहे.

जयभीम!